हनुवटीखालचं भांडं

इटलीत, टस्कनीतल्या त्या टेकडीवर सगळे द्राक्षमळ्यांच्या ओळी बघत होते आणि मी ह्यांचा गळा बघत होते.

वायनरीची ही अर्ध्या दिवसाची सहल लेकीने हौसेने बुक केली होती. बाबांनी दारू सोडून नऊ महिने झाले, हे तिला ठाऊक होतं; पण तिच्या लेखी वाइन दारूत मोडत नाही.

तळघरात ओल्या लाकडाचा वास होता. गाइड बाईने सगळ्यांच्या हातात ग्लास दिले आणि टेबलावरचं भांडं दाखवलं. घोट तोंडात घोळवायचा आणि चव कळली की त्यात थुंकायचा. जाणकार गिळत नाहीत म्हणे. लोक हसले. मला मात्र त्या भांड्याचा केवढा आधार वाटला.

"अहो, आपण बाहेर थांबू या ना."

"नुसती चव बघतो गं," हे म्हणाले.

चव आणि तहान यांच्यामध्ये एक भांडं असलं की माणूस जाणकार ठरतो. आमच्या घरात ते कधीच नव्हतं. दारू ह्यांच्या पोटात गेली आणि बाकीचं सगळं माझ्या.

ह्यांनी घोट घेऊन डोळे मिटले. मी भांडं उचललं आणि उलटी होणाऱ्या मुलापुढे धरतात तसं ह्यांच्या हनुवटीखाली धरलं. सगळे आमच्याकडे बघायला लागले. ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि कंठमणी एकदा वर जाऊन खाली आला.

भांडं मी तरीही धरूनच उभी होते.