जपानहून आणलेली सुकी मासळी

जपानचं खूळ माझं नव्हतं, मैत्रिणीचं होतं. ही माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, मुलुंडची. तिला चेरीचा बहर बघायचा होता, तोही शहरात नाही, खेड्यापाड्यांत, आणि होईल तितक्या स्वस्तात. मी हो म्हटलं. चेरीशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला वाटलं, इतके दिवस चोवीस तास एकत्र राहिलो की आमच्यात जे एक कायमचं अडलेलं आहे, ते सुटेल.

अडलेलं असं, की मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. भाऊ बोटीवर जातो, आई मासळी सुकवते आणि विकते. एवढ्या वर्षांत मैत्रीण आमच्या घरी एकदाही आली नव्हती. नाक्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत यायची आणि फोन करायची, "बाहेर ये ना गं." का, म्हणून विचारलं तर तोंडावर सांगायची, "यार, तुमच्या गल्लीतल्या वासाने माझं डोकंच उठतं." हीच बाई हॉटेलात बसली की तळलेलं पापलेट चाटूनपुसून खाणार, आणि ताजं कसं ओळखायचं ते वर मलाच शिकवणार. मी हसण्यावारी न्यायचे. आई मात्र दर सणाला विचारायची, "तुजी ती मुलुंडवाली जेवाला कवा येनार?"

निघायच्या दिवशी आईने जवळ्याची चटणी करून दिली. जवळा तिनेच सुकवलेला. तो भाजून, लसूण-मिरची घालून, स्टीलच्या डब्यात दाबून भरला आणि म्हणाली, "दोघींना पुरंल." विमानतळावर मैत्रिणीने तो डबा माझ्या बॅगेत पाहिला आणि तिचा चेहराच बदलला. "वेडी आहेस का? हे सामानात सांडलं तर वाट लागेल. सगळ्या कपड्यांना वास!" तिच्या बॅगेत तिच्या आईने दिलेलं लसणाचं लोणचं होतं. त्याला बहुधा वास नसतो. सोडायला आलेल्या भावाच्या हातात मी डबा परत दिला आणि आईला यातलं काही कळू देऊ नकोस म्हणून बजावलं. त्याने मैत्रिणीकडे एकदा पाहिलं आणि डबा पिशवीत टाकला.

बहर आमच्यासाठी थांबला नव्हता. आम्ही पोचलो तोवर पाकळ्या गटारांतून वाहत होत्या आणि झाडांना साधी हिरवी पानं फुटली होती. मैत्रीण त्या झाडांवर अशी रुसली, जणू त्यांनी तिला वेळ देऊन टांग मारली होती. आम्ही सगळ्यात सावकाश जाणाऱ्या गाड्यांनी फिरलो. एकच डबा, आत चार म्हातारे, आणि उतरताना भाडं ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचं. भातशेतं पाण्याने भरून ठेवलेली, लावणी अजून व्हायची होती. संध्याकाळी सुपरमार्केटात किंमत उतरवलेले जेवणाचे डबे घ्यायचे आणि मुक्कामाच्या खोलीत चटईवर बसून खायचे. तो गार, मिळमिळीत भात गिळताना मला रोज त्या चटणीची आठवण यायची. तिलाही यायची असावी. एकदा म्हणाली, "काहीतरी झणझणीत हवं होतं, ना?" आणि तिने लोणच्याची बाटली पुढे सरकवली.

एका समुद्रकाठच्या खेड्यात गाडी बदलायची होती आणि पुढची गाडी बऱ्याच वेळाने होती, म्हणून आम्ही गावात शिरलो. एका गल्लीच्या तोंडाशीच मला वास आला. डोळे बांधून सोडलं असतं तरी मी ओळखला असता. मी आधी मैत्रिणीकडे पाहिलं. आता रुमाल निघणार, आता ही मागे वळणार. तर तिने छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "किती ऑथेंटिक आहे ना इथलं सगळं!"

वळणापुढे एक म्हातारी जाळीच्या चौकटींवर मासे वाळत घालत होती. पोटाकडून चिरून उघडलेले, सपाट केलेले. आमच्याकडे बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या आडव्या दांड्यांवर, वलांडीवर, टांगतात; हे निराळं होतं, पण काम तेच. वारा फिरला तशी ती एकेक मासा उलटायला लागली. माझ्या डोक्याने काही ठरवायच्या आत माझे हात चौकटीवर गेले. म्हातारीने पाहिलं, मान डोलावली आणि अर्धी चौकट माझ्याकडे सोडली. आम्ही दोघी मासे उलटत राहिलो. मैत्रीण मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. मध्येच म्हणाली, "तुला कसं काय येतं गं हे?"

माझा संताप झाला, पण हात माशांत होते.

म्हातारीने आम्हाला घरात बोलावलं. परक्या देशातल्या दोन अनोळखी पोरी, पायांना धूळ. तिने विचार केला नाही. भाजलेला मासा आणि वाफाळता भात समोर ठेवला. मी मोबाइलवर आईचा फोटो दाखवला, वलांडीखाली उभी असलेली, हातात बोंबील. म्हातारीने फोटो कितीतरी वेळ पाहिला आणि आधी माशाकडे, मग माझ्याकडे बोट करून मोठ्याने हसली. मैत्रीण फोटोवर वाकून म्हणाली, "ही तुझी आई? कसला भारी फोटो आहे! मला कधी दाखवला नाहीस."

तिने म्हातारीकडून सुक्या माशांची पाकिटं विकत घेतली, घरच्यांसाठी. ज्या बॅगेत आईचा डबा चालत नव्हता, तिच्या शेजारच्याच बॅगेत ती पाकिटं बसली. गाडीत ती माझा हात धरून म्हणाली, "परत गेल्यावर तुझ्या घरी येणार म्हणजे येणार. आईंच्या हातचं जेवायचंय मला. प्रॉमिस." खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. डब्याचं सगळं मी तिथल्या तिथे माफ करून टाकलं.

आल्यावर रविवार ठरला. आईने बाजारात स्वतःसाठी कधी ठेवत नाही अशी कोळंबी मागे ठेवली. ओटा धुतला. सकाळी उठून बघते तर दारापुढची वलांडी रिकामी. अर्धेमुर्धे वाळलेले बोंबील आईने उचलून शेजारणीच्या वलांडीवर नेऊन टाकले होते. मी विचारलं तर म्हणाली, "पोरीला तरास नको." मला रडायलाच आलं. पण मीही गप्प बसले, कारण मलाही ती यायला हवी होती. तीन ताटं मांडली, भावाचं, माझं आणि पाहुणीचं. आई नेहमीच्या रीतीने मागून जेवणार होती.

फोन आला. "मी नाक्यावर आहे. बाहेर ये ना गं."

मी तिला आणायला गेले. ती रिक्षातच बसली होती, मीटर चालू, नाकाला रुमाल. तिने एक पिशवी माझ्या हातात दिली. आत ती जपानची पाकिटं होती, सगळीच्या सगळी. "अगं, फ्रिज उघडला की घरभर वास. आई भयंकर ओरडली. टाकून द्यायला पण जिवावर येतं ना. म्हटलं तुमच्याकडे चालतं, तर तुम्हीच खा."

"आई जेवायला थांबलीय," मी म्हटलं.

"सॉरी म्हण ना आईंना. आज खरंच नाही जमणार. नेक्स्ट टाइम नक्की."

"तिथे तर छाती भरून वास घेत होतीस."

"ते वेगळं होतं यार," ती म्हणाली, आणि तिने रिक्षावाल्याला वळवायला सांगितलं.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. विमानतळावरच्या डब्याचंही सांगितलं आणि जपानच्या म्हातारीने जेवू घातलं तेही. भाऊ मान खाली घालून बसला. आई म्हणाली, "ठाव हाय. डबा तर घरातच व्हता. मी काय आंधली हाय?" इतके दिवस तिला ठाऊक होतं, तरी तिने वलांडी हलवली होती.

मग तिने एक पाकीट फोडलं, मासा नाकाशी नेला, बोटाने दाबून पाहिला. "बायने चांगली सुकवलीय," म्हणाली. तो तव्यावर भाजला आणि मैत्रिणीसाठी मांडलेल्या ताटावर स्वतःच जेवायला बसली. माझ्या आठवणीत आमच्याबरोबर बसून जेवल्याची ती पहिलीच वेळ. अर्धा मासा खाऊन झाल्यावर तिने मला विचारलं,

"ती म्हातारी आपल्या घरी आली असती, तर जेवली असती ना गं?"

"जेवली असती," मी म्हटलं.