काळा गुलखैरा आणि एकच ताडपत्री

निसर्गावर पूर्ण विजय मिळवलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि ते माझे साडू. हा विजय ते दर वर्षी होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, रायपुरातल्या आपल्या घराच्या गच्चीवर मिळवतात. निसर्गाला तो कळवायचं मात्र दर वर्षी राहून जातं. याच दिवसांत आमच्याकडे सकाळी ऊन भाजून काढतं, दुपारी उरल्याकडून, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांकडून, एक मळकट ढग वर चढतो, आणि संध्याकाळी गारा पडतात किंवा पडत नाहीत. मोबाइलवर याचा अंदाज मिळतो, पण साडूंना तो चालत नाही. "तो सॅटेलाइट वरून पाहते, साडूभाऊ. वरून काय दिसन? ढगाची पाठ. पोट पाहाचं असन तर खालूनच पाहा लागते." म्हणून रोज सहाला ते गच्चीवर जातात, ढग असला तर त्याचं पोट आणि नसला तर रिकामं आभाळ बराच वेळ न्याहाळतात, आणि खाली येऊन चहाआधी निकाल जाहीर करतात. शेजारच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एका मुंजीला त्यांच्या शब्दावर वरचं कापड न घालताच मांडव उभारला होता. मंगलाष्टकं चालू असताना पाऊस आला आणि अक्षता भिजून पाहुण्यांच्या तळहातांना चिकटून बसल्या. बटूवर त्या पडल्याच नाहीत. साडू शांत होते. "मी रायपुरचं बोललो होतो. हा पाऊस उरल्याचा होय," एवढंच ते म्हणाले.

नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी नव्या रायपुरात एका खात्यात काढली. खातं सुटलं, भाषा सुटली नाही. फुटक्या माठांत, तेलाच्या डब्यांत आणि गंजलेल्या कूलरच्या टाक्यांत त्यांची बाग आहे, आणि प्रत्येक टाकीला एक पाटी आहे. 'माती बदलणे प्रस्तावित.' 'छाटणीनंतर सात दिवस पाणी देण्यास मनाई.' यंदा दोडक्याचं बी त्यांनी तीनदा टोचलं. दोनदा ते अवकाळी पावसात कुजलं, आणि दोन्ही वेळा पाटीवर 'कार्यवाही सुरू' असंच होतं. एकदा ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पुदिन्याला तांब्याभर पाणी घातलं, तर साडूंनी लेखी खुलासा मागितला. ताईंनी तो कागद वाचला, त्याची घडी केली आणि तो डगमगणाऱ्या मिक्सरखाली ठेवला. "लय कामाचा निघाला तुमचा कागद," त्या म्हणाल्या. बरं झालं, सहीशिक्का नव्हता.

या सगळ्या कारभारात एक गोष्ट मात्र खरी होती, आणि ती म्हणजे काळा गुलखैरा. चार वर्षं ते दर हंगामात सर्वांत गडद फुलाचंच बी धरत आले होते. लालाचा किरमिजी झाला, किरमिजीचा जांभळा. यंदा मागचं सगळं बी पेरल्यावर एकाच झाडाला जवळजवळ काळं फूल आलं. मी थट्टा करायला म्हणून वर गेलो आणि त्या फुलासमोरच उभा राहिलो. त्या झाडावरची बोंडं अजून हिरवी होती. चार दिवस आधी तोडली तर बी रुजणार नाही, आणि गारांनी झोडपलं तर उरणार नाही. झाड होतं कूलरच्या टाकीत, ती आम्हा दोघांनाही हलेना. साडूंनी चार बांबू रोवून त्यावर घरातली एकुलती एक ताडपत्री बांधली. फुलापेक्षा ताडपत्रीकडेच ते जास्त वेळ पाहत बसत.

त्याच आठवड्यात ताईंनी कुरडयांचा गहू भिजत घातला. आदल्या वर्षी मनगट मोडल्यामुळे त्यांच्या कुरडया झाल्या नव्हत्या. डॉक्टरांनी आता सोऱ्या विसरा म्हणून सांगितलं होतं, आणि ताई ते सांगणं विसरल्या होत्या. तीन दिवसांनी चीक तयार झाला. त्या सकाळी मी आणि माझी बायको मदतीला गेलो होतो. ताईंनी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच नवऱ्याला विचारलं, "काहो, पाणी येईन का आज?"

माझी बायको मोबाइल पुढे करत म्हणाली, "ताई, चार वाजता तुफान दाखवून राहिला यात."

"तुले नाही विचारलं. यायले विचारलं."

साडू एकदम ताठ झाले. "एक थेंब नाही. टाक बिनधास्त."

ताईंनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून सोऱ्या फिरवला. दोन खाटांवर जुनी लुगडी अंथरून शंभरेक कुरडया पडल्या, आणि ताई हात शेकत खाली जाऊन निजल्या. साडेतीनला उरल्याकडचं आभाळ तांबूस झालं. साडू गच्चीच्या कठड्याशी उभे होते. चार वाजायच्या आत वाऱ्याने पहिली पाटी उडवली. कुरडया अजून ओल्या होत्या. उचलायला गेलो असतो तर लगदाच हाती आला असता. साडूंनी ढगाकडे पाहिलं, खाटांकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. असा हिशेब करताना त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"सोडा ते टोक," ते म्हणाले.

"कोणतं?"

"ताडपत्रीचं! काहून पाहून राहिले माह्याकडे? सोडा!"

गाठी सुटेनात. त्यांनी दातांनी ओढून एक सोडवली. दोन्ही खाटा जोडून आम्ही त्यांवर ताडपत्री टाकली, दोन टोकांवर कुंड्या ठेवल्या, दोन टोकं धरून आम्हीच बसलो. गारा लिंबाएवढ्या नव्हत्या, बोराएवढ्या होत्या. पण डोक्यावर केस कमी असले की फरक कळत नाही. वीसेक मिनिटं साडूंनी झाडाकडे पाठ ठेवली. एकदा मागे काहीतरी काडकन मोडलं. "काय झालं ते मले सांगू नका," ते म्हणाले.

पाऊस थांबल्यावर ताई धापा टाकत वर आल्या. त्यांनी ताडपत्री उचलून पाहिली. मग नुसते बांबू पाहिले, आणि पाण्यात वाहत पन्हाळीकडे चाललेली हिरवी बोंडं पाहिली. बराच वेळ त्या नवऱ्याच्या डोक्यातल्या गारा वेचत राहिल्या.

"हा बाहेरचा ढग होता," साडू म्हणाले.

"हव," ताई म्हणाल्या. "बाहेरचाच होता."

चार दिवसांनी त्या कुरडया आमच्याकडे डबाभर आल्या. तळल्यावर पांढऱ्याशुभ्र फुलल्या. मीठ मात्र त्यांत दोनदा पडलं होतं.