भाषणाआधीची बातमी

नंदुरबारच्या आमच्या साप्ताहिकातला एक बातमीदार मंत्र्यांच्या भाषणाची बातमी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून द्यायचा. मी वैतागून ओरडलो, की पान चघळत म्हणायचा, "भाऊ, मंत्री नवं काय बोलनार शे?"

एकदा मंत्र्यांची मोटार नवापूरच्या वाटेवर बंद पडली आणि सभा दुसऱ्या दिवसावर गेली. आमचा अंक मात्र भाषण आणि टाळ्यांसकट गावभर वाटून झाला होता. आता छापखान्याला कुलूप लागणार, या धास्तीने मी त्या बातमीदाराला घेऊन सभेला गेलो. मंत्र्यांनी खिशातून आमचाच अंक काढला आणि त्यातलं भाषण जसंच्या तसं वाचलं. माझा जीव भांड्यात पडला, तोच हा शेजारून करवादला, "भाऊ, तो टाळ्यासनी जागा भुली गया!"