मेहुण्याच्या मेंदूचा आरसा

मेंदूवर माझा विश्वास नाही. स्वतःचा मी फारसा वापरला नाही (सातवी नापास!), आणि मुलाने वापरला त्याचे हे परिणाम.

बायको जाऊन पाच महिने झाले. तिचा आवाज ऐकायचा होता, बस्स. तिचा फोन मीच धुण्याच्या बादलीत पाडला. आता आवाज उरला तो अस्कर गावात राहणाऱ्या वसंताकडे, म्हणजे तिच्या भावाकडे. त्याला ती रोज फोनमध्ये बोलून निरोप पाठवायची. पण आमचं बोलणं बंद! तिच्या तेराव्याला त्याने तळलेले वडे कच्चे राहिले म्हणून मी त्याला चारचौघांत झापलं होतं.

मुलाने ऑफिसात माणसं जोडायचा कोर्स केलेला. वसंताकडे जायला आमच्या हमद टाउनहून गाडी काढतानाच सुरू झाला, "बाबा, मेंदूत आरशासारख्या पेशी असतात. मामा करेल तसंच तुम्ही करा. त्याला तुम्ही आपले वाटाल."

"आणि माफी?"

"नंतर. आधी मेंदू!"

वसंताच्या घरी समोरासमोर बसलो. त्याने हाताची घडी घातली. मी घातली. त्याने टक्कल चोळलं. मी माझं चोळलं. तो खोकला, मी खोकलो. त्याची बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली. त्याने चहा बशीत ओतून भुरकला. मीही भुरकला, जीभ भाजली!

"ताई गेली आणि..." म्हणत त्याने डोळ्यांना रुमाल लावला. माझ्याकडे कुठला रुमाल? टेबलावरचं फडकं लावलं. त्याला लोणच्याचं तेल!

"दाजी, नकला करता माझ्या? ताईचं नाव काढल्यावर?"

"नकला कसल्या मेल्या, डोळे गेले माझे!" मी बोंबललो. "आणि वडे कच्चेच होते! पण मी वड्यांवर नव्हतो रे चिडलो. ती मेली म्हणून चिडलो, आणि समोर तू सापडलास!"

मुलाने कपाळाला हात लावला. वसंता म्हणाला, "डोळे धुवा आधी." आणि मी धुऊन आल्यावर न विचारता फोन काढून तिचा एक निरोप लावला.

"वसंता, ऐक ना..." तिचा आवाज! पुढचं काही कळेना. मागून कोणीतरी सारखं खेकसत होतं, चहा कुठाय, चष्मा कुठाय, पंखा का बंद केलास!

मी फोनवरच ओरडलो, "अरे गप की मेल्या, बोलू दे तिला!"

वसंता हळूच म्हणाला, "दाजी, ते तुम्हीच आहात."