पडू द्या, मेजर

मेजर कुठल्याही सैन्यात नव्हते. बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर ते पहारेकरी होते, आणि मेजर हे नाव त्यांना गाडीच्या ड्रायव्हरने मिशांकडे बघून दिलं होतं. दिलं थट्टेनेच, पण मेजरांनी ते पदकासारखं छातीवर लावून घेतलं. दूधवाल्यापासून जावयापर्यंत जो सापडेल त्याला ते पिस्तुलावर व्याख्यान देत. साऱ्या नोकरीत त्यांनी जी काय गोळी झाडली ती सरावाच्या मैदानात, पुठ्ठ्याच्या माणसावर, आणि तोही बहुतेक वेळा सहीसलामत सुटला, हे त्यांच्या बायकोला ड्रायव्हरकडून कळलं होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. असला माल ती राखून ठेवी.

ती घरी शिवणकाम करी. पुढच्या खोलीत मशीन, जमिनीवर बेतलेले पडदे पसरलेले, आणि त्या पडद्यांवर मेजरांचा ओला टॉवेल. मेजर कुठून आत आले आणि कुठे जाऊन बसले हे जमिनीकडे बघून सांगता येई. दारात बूट, पुढे मोजे, मध्येच पट्टा, खुर्चीपाशी शर्ट. हातातून जे सुटलं ते तिथेच पडायचं, आणि थोड्या वेळाने आपोआप नाहीसं व्हायचं. ते नाहीसं कोण करतं हा प्रश्न मेजरांना कधी पडला नाही. वाकणं त्यांच्या हुद्द्यात बसत नव्हतं.

कामावर मात्र हाच माणूस मोठा जपणारा. पिस्तुलाच्या मुठीत गोळ्यांची पेटी असते, तिला सगळे मॅगझिन म्हणतात. मुठीच्या बाजूला एक बटण असतं, ते अंगठ्याने दाबलं की मॅगझिन सुटून खाली घसरतं. पाळी संपली की पहारेकरी शस्त्रांच्या खोलीत टेबलापाशी उभे राहत, बटण दाबत आणि घसरतं मॅगझिन डाव्या तळव्यात झेलून टेबलावर ठेवत. ते खाली पडून काठ वाकला तर साहेब चारचौघांत झापत. मेजरांचं आजवर एकही पडलं नव्हतं, आणि ज्याचं पडे त्याला ते विचारत, "हात आहेत की फावडी?"

मग कंपनीने नवीन परीक्षा काढली. गोळ्या संपल्या की रिकामं मॅगझिन खाली पडू द्यायचं, आणि तेवढ्यात डाव्या हाताने पट्ट्यातलं भरलेलं काढून आत बसवायचं. शिकवायला एक तरुण बाई आल्या. "काल जन्मलेली पोरगी मला पिस्तूल शिकवणार!" मेजर घरी येऊन म्हणाले आणि पट्टा पडद्यावर टाकला.

पोरीने काय शिकवलं ते ड्रायव्हरने सांगितलं. मेजरांनी बटण दाबलं, आणि डावा हात सवयीने खाली गेला. मॅगझिन झेललं. आता हात अडकला, भरलेलं काढणार कशाने? बाई ओरडल्या, "पडू द्या, मेजर!" मेजरांनी रिकामं मॅगझिन शर्टाच्या खिशात ठेवलं आणि, सांगताना ड्रायव्हरने डोळे पुसले, खिशाचं बटणही लावलं. दुसऱ्या खेपेला तर कहर झाला. घाईत त्यांनी खिशातलंच रिकामं काढून पुन्हा आत बसवलं, पुठ्ठ्याच्या माणसावर नेम धरला आणि घोडा दाबला. टक्. "पुठ्ठासुद्धा हसला, वहिनी," ड्रायव्हर म्हणाला.

बायकोला मात्र हसू आलं नाही. आठवड्याने शेवटची संधी होती. तीही गेली तर मेजर गाडीवरून उतरणार, आणि या वयात दुसरं काम कोण देणार? म्हणजे मेजर घरी. सकाळी घरी, दुपारी घरी, तिच्या मशीनसमोर खुर्ची टाकून, सगळ्या जगाच्या चुका काढत आणि एकेक वस्तू खाली टाकत. त्या विचाराने तिला धडकी भरली. या माणसाने पास व्हावं असं तिला त्याच्यापेक्षा जास्त वाटत होतं.

बाईंनी सरावाला रबराचं पिस्तूल दिलं होतं, मूठ, बटण सगळं खऱ्यासारखं, आणि मॅगझिन तर लोखंडीच. मेजर संध्याकाळी खोलीच्या मधोमध पाय फाकून उभे राहू लागले. पहिल्यांदा अंगठाच बटणापर्यंत पोचेना. पकड किंचित फिरवायची, असं बाईंनी सांगितलं होतं. मेजरांनी ती फिरवली आणि हा आपलाच शोध असल्याचं जाहीर केलं. दोन दिवसांत अंगठा न बघता बटणावर जायला लागला. पण डावा हात काही ऐकेना. मॅगझिन सुटलं की हात खाली हजर. चुकून एखादं निसटलंच तर असं धाडकन आदळे की खालच्या मजल्यावरची म्हातारी काठीने छत ठोके. बायकोने जुनी रजई घडी करून खाली घातली. तरी हात जायचाच.

"जमिनीचा दोष आहे," मेजर म्हणाले. "इथे नीट उभंच राहता येत नाही. आणि तुझं हे मशीन..."

बायकोने मशीन थांबवलं.

"अहो, इकडे बघा. लग्न झाल्यापासून या घरात तुमच्या हातातून जे सुटलं ते तुम्ही पडू दिलंत. टॉवेल पडू दिलात, बनियन पडू दिलीत, सांडलेला चहा सांडू दिलात. मुलगी पाळण्यातून पडली तेव्हासुद्धा मलाच हाक मारलीत. कधी झेलायला हात पुढे आला? कधी वाकलात? तुमच्याइतकं पडू देणं जगात कुणाला जमत नाही. आणि एवढं एक डबडं पडू देता येईना होय? टॉवेल समजा त्याला. आहे मी उचलायला."

मेजरांचा चेहरा उतरला. मग पाय फाकून उभे राहिले, बटण दाबलं, आणि मॅगझिन रजईवर पडलं. डावा हात सरळ पट्ट्याकडे गेला. पुन्हा केलं. पुन्हा पडलं. त्या संध्याकाळी मेजर पाडत राहिले आणि ती उचलून देत राहिली. कंबर धरून आली तेव्हा तिने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

परीक्षेच्या दिवशी ड्रायव्हर त्यांना सोडायला वर आला. "पास!" तो दारातूनच ओरडला. "काय पाडलं हो मॅगझिन, वहिनी! वळूनसुद्धा बघितलं नाही. पण शेवटी बाई म्हणाल्या, आता आपापलं उचला. सगळ्यांनी उचललं, मेजर उभेच! मागे बघतायत."

"मागे कोण होतं?"

"कुणीच नाही."

तिला हसू यायला हवं होतं, पण आला तो संताप, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज.

ड्रायव्हर गेला. मेजरांनी बूट दारात सोडले, मोजे पुढे. "मला सहज जमतं हे," ते म्हणाले. "बाईंना म्हटलं, हे अंगातच असावं लागतं." गणवेशाचा शर्ट काढून त्यांनी हात सैल सोडला. शर्ट तिच्या पडद्यांवर पडला. "चहा टाक. आणि तो उचल, उद्या लागणार आहे."

तिचा हात शर्टाकडे गेलासुद्धा होता. अर्ध्या वाटेत तिला आपलाच हात दिसला. तिने तो मागे घेतला, मशीनच्या चाकावर ठेवला आणि शिवण पुढे चालू केली.

सकाळी खाली गाडीचा हॉर्न वाजला. मेजर बनियनवर घरभर फिरत होते. "माझा शर्ट कुठे आहे?"

"पडलाय तिथेच आहे."

"उचलला नाहीस?"

"नाही."

हॉर्न पुन्हा वाजला. मेजरांनी मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग त्यांनी एक हात खुर्चीवर टेकला, दुसरा गुडघ्यावर, आणि कण्हत खाली वाकायला सुरुवात केली. तिने मशीन थांबवलं आणि शेवटपर्यंत बघत राहिली.