फ्रीझरमधलं वाटप आणि स्मिताची सही

गुरुवारी संध्याकाळी खेडमध्ये लाईट गेली आणि माझी अब्रू वाचली... एरवी लाईट गेली की मी शिव्या घालणाऱ्यांत पहिला असतो. त्या दिवशी मात्र मनातल्या मनात देवाला नारळ फोडला.

थोडं मागून सांगतो. माझी बायको स्मिता इथल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. तिला दापोली शाखेत मॅनेजर म्हणून बढती आली. महिनाभर जाऊन बघा आणि मग लेखी कळवा, असं वरून सांगण्यात आलं.

दापोलीहून घरी यायला तिला रोज साडेआठ होणार. मग दोन पोरांच्या रात्रीच्या जेवणाचं काय? मी लोट्याला कंपनीत जनरल शिफ्टला. सहाला बस नाक्यावर सोडते. मी छाती ठोकून म्हणालो, जेवण माझ्याकडे लागलं. स्मिता नुसती हसली... चौदा वर्षांत मी चहापलीकडे गेलेलो नव्हतो. तिने सरळ सांगितलं, महिनाभरात जमलं नाही तर मी बढती नाकारणार.

पहिला आठवडा आठवला तरी कसंतरी होतं. खिचडी, ऑम्लेट, पुन्हा खिचडी. धाकट्याने तर विचारलं, "पप्पा, आपण आजारी आहोत का?"

मग डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडच्या स्वयंपाकात खरा वेळ खातं ते वाटप. खोबरं खवा, मिरच्या भिजवा, लसूण सोला, वाटा... आणि तेही रोज ताजं, हा आमच्या घरचा कायदा. मी रविवारी एकदम चार नारळ फोडले. भाजलेलं वाटप उसळींसाठी, कच्चं माशांसाठी. दोन्ही बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये.

पहिल्या ट्रेची वाट लागली. मी शहाण्याने माशाला घालायची तिरफळं बियांसकट वाटपातच वाटली होती. सगळं कडूजहर. पण दुसऱ्या रविवारपासून गाडी रुळावर आली. सकाळी काळे वाटाणे भिजत टाकायचे, संध्याकाळी कुकरला लावायचे आणि वर चार वड्या वाटप. नाहीतर कुळथाचं पिठलं-भात. सातला सुरुवात केली तर साडेसातला ताटं मांडलेली!

ही बातमी माझ्या लेकीने, सईने, कौतुकाने आजीला फोनवर सांगितली... आणि तिथेच घोळ झाला. आई दाभोळजवळ गावाला असते. तिच्या लेखी फ्रीझरमधलं वाटप म्हणजे शिळं वाटप, आणि शिळं वाटप पोरांच्या पोटात म्हणजे हद्दच. गुरुवारी संध्याकाळी ती डब्यात बर्फ घातलेले बांगडे घेऊन एसटीने दारात हजर. स्मिताला लेखी उत्तर द्यायचं होतं शुक्रवारी.

पाण्याचा घोटही घेतला नाही. "बाबू, हे असलं शिळं घालतोस पोरांना? स्मिताला सांग, हाय ती नोकरी पुरे."

आईने पदर खोचला, विळी घेतली, नारळ खवला. सगळं मिक्सरच्या भांड्यात भरून बटण दाबलं. एक गिरकी... आणि लाईट गेली.

दहा मिनिटं थांबलो, वीस मिनिटं थांबलो. पाटा-वरवंटा गावच्या घरात, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पावणेआठ वाजले. पोरं भुकेने कावलेली, बांगडे धुऊन तयार आणि मिक्सरमध्ये नुसतं भरड खोबरं. आई कधी मिक्सरकडे बघे, कधी माझ्याकडे.

मी फ्रीझर उघडला आणि कच्च्या वाटपाच्या सहा वड्या काढल्या. सईने मोबाईलचा टॉर्च धरला. वड्या टोपात विरघळल्या, पाणी, मीठ, आमसुलं, उकळी आली तसे बांगडे सोडले. शेवटी तिरफळं, या वेळी बिया काढून, नुसती ठेचून! आई स्टुलावर बसून प्रत्येक गोष्ट टिपत होती.

स्मिता अंधारात जिने चढून आली तेव्हा ताटं वाढलेली होती. आईने भात कालवला, पहिला घास घेतला. बघता बघता ताट रिकामं केलं. मग ताट पुढे केलं. "भात वाढ. कालवणपण."

जेवता जेवता ती स्मिताकडे न बघताच म्हणाली, "मला पण बोलवलं होतं अंगणवाडीत कामाला. याच्या बाबांनी नको म्हटलान. संध्याकाळचं वाटप कोण वाटणार, म्हणून."

पंचेचाळीस वर्षांचा झालो तरी हे मला ठाऊक नव्हतं. स्मिताचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "उद्या सही करून टाक. हा काय तुम्हाला उपाशी ठेवायचा नाय."

तेवढ्यात लाईट आली. मिक्सरचं बटण चालूच राहिलं होतं, तो एकदम घरघरला. आई केवढ्याने दचकली... आणि मग पोट धरून हसत सुटली. ते वाटप तिने स्वतःच्या हाताने ट्रेमध्ये भरलं. वर मला सुनावलं, काठोकाठ भरू नये, सांडतं.

शुक्रवारी स्मिताने सही केली. आता माझी बायको मॅनेजर आहे, सगळ्यांनी नोंद घ्यावी!

काल सातला मी टोप गॅसवर चढवत होतो, तेवढ्यात आईचा फोन. "आज काय रांधतोस?" गेली चौदा वर्षं हा प्रश्न ती रोज स्मिताला विचारायची... काल पहिल्यांदा मला विचारला. आई, बांगड्याचं कालवण केलं होतं. तुझ्याच वाटपाचं.