रीताची सही

हिंगणघाटच्या प्रभाकररावांच्या कापसाच्या पेढीत कॉम्प्युटर आला, तेव्हा घरात तो चालवणारी एकच होती, धाकटी सून रीता. माहेर हिंगणीचं, वर्ध्याला बीएस्सी करून वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. गाठींचे सौदे ईमेलवर व्हायला लागले होते. २००३ साली कोणीतरी पेढीच्या नावानं खोटी मेल पाठवून दक्षिणेतल्या एका गिरणीचा सौदा पळवला. प्रभाकरराव त्या दिवशी जेवलेच नाहीत.

"मामाजी, मेलवर सही करता येते," रीता सासऱ्यांना म्हणाली. "कॉम्प्युटरची सही. दुसऱ्या कोनाले ती जमत नाई."

कॉम्प्युटरच्या मासिकासोबत आलेल्या सीडीवर अशी सही करणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रामचा सोर्स कोड होता, कोणीही उघडून वाचावा असा. तो कंपाइल करून त्यातून प्रोग्राम तयार करायचा होता. आधी त्यासाठी लागणारा कंपायलरच मिळेना, मग पर्ल नावाचं दुसरं सॉफ्टवेअर नाही म्हणून काम अडलं, मग मध्येच वीज गेली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पोळ्या टाकता टाकता ती उठून पडद्यावर सरकणाऱ्या ओळी पाहून यायची. शेवटी एकही एरर न येता काम पुरं झालं, तेव्हा ती एकटीच हसली.

तिनं सासरे, नवरा धीरज आणि थोरले दीर हेमराज यांच्यासाठी सही करायच्या गुप्त किल्ल्या बनवल्या, कॉम्प्युटरमधल्या छोट्या फायलीच त्या. किल्लीला पासवर्ड, आणि सही त्याच माणसाची असल्याचं सांगणारं प्रमाणपत्र. माल रवाना झाल्याची मेल तीच लिहायची, म्हणून एक तिच्याही नावाचं. गिरणीनं ते मान्य केलं.

"तुया पासवर्ड काय आहे?" धीरजनं एकदा सहज विचारलं.

"तो कोनाले सांगायचा नसते."

"मी कोन झालो मंग?"

तिनं सांगून टाकला.

पुढच्या हंगामात गिरणीचा माणूस तणतणत पेढीवर आला. गाठी ओल्या निघाल्या होत्या. 'माल मी स्वतः पाहिला, कोरडा आहे,' अशी मेल होती, आणि खाली रीताची सही.

"मी नाई लिवली," ती म्हणाली.

"तूच सांगतलं होतं ना, ही सही दुसऱ्याले जमत नाई म्हून?" हेमराज शांतपणे म्हणाला.

तिनं धीरजकडे पाहिलं. तो हमालांकडे पाहत होता.

"धीरज, तुमाले पासवर्ड माहीत होता. सांगा ना."

"मले काय माहीत? मले कॉम्प्युटर समजते काय?"

हमाल, मुनीम, सगळ्यांसमोर तिला त्या माणसाची हात जोडून माफी मागायला लावली. मग प्रभाकररावांनी तिला पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसवलं. "सूनबाई, तुमचं ते प्रमाणपत्र रद्द करा. अन् उठायच्या आधी हेमराजले शिकवा सगळं."

दुसरं कोणाला येतच नव्हतं. सासरे मागं उभे असताना तिनंच स्वतःचं नाव रद्द केलेल्या प्रमाणपत्रांच्या यादीत घातलं. हेमराज खुर्ची ओढून शेजारी बसला आणि बारीकसारीक विचारत राहिला. ती सांगत गेली. एकदा तर त्याची चूकही तिनं सुधारून दिली.

लेक आचलला घरीच ठेवून धीरजनं तिला हिंगणीच्या गाडीत बसवलं. "चार दिवस राहून येजो. आचलची शाळा बुडते, तिले राहू दे."

न्यायला कोणी आलं नाही. फोन सासू कौशल्याबाई उचलायच्या आणि ठेवून द्यायच्या. दिवाळीत ती आपणहून गेली. बैठकीत हेमराज कॉम्प्युटरवर बसला होता, त्यानं मान वळवली नाही. सासूनं तिला ओसरीवरच थांबवलं आणि आत आवाज दिला. आचल आली, पण दाराची चौकट सोडून पुढं आली नाही. रीतानं हात पसरले.

"आई," पोरीनं विचारलं, "तू खोटं काऊन लिवलं?"